विश्लेषण : वाचनालयात सोल्डरिंगचे टेबल? 'मेकरस्पेस' म्हणजे काय आणि युसूफ वडगावसारख्या गावात ते कसे रुजेल?

सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचे किट, छोटी हत्यारे असे बरेच काही या लॅबमध्ये असते. पण शाळा सुटली की लॅबला कुलूप लागते. दहावीनंतर शाळा सोडलेला मुलगा, घरी शिलाईकाम करणारी बाई, मोटार जळाली म्हणून तालुक्याला चकरा मारणारा शेतकरी, यांच्यासाठी ते दार नाही.

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातले युसूफ वडगाव घ्या. पोलीस ठाण्याचे गाव, त्यामुळे आसपासच्या गावांचाही राबता. अशा गावात काही शिकायचे, बनवून बघायचे, बिघडलेले उघडून बघायचे तर जागा कोणती? जगात अनेक ठिकाणी या प्रश्नाला मिळालेले उत्तर आहे सार्वजनिक वाचनालय. ते उत्तर आपल्याकडे लागू पडते का, त्याला किती खर्च येतो आणि घोडे कुठे अडते, याचा हा आढावा.

मेकरस्पेस म्हणजे नेमके काय?

सोप्या शब्दांत, हत्यारे आणि यंत्रे सामाईक वापरायची जागा. पुस्तक जसे प्रत्येकाने विकत न घेता वाचनालयातून वाचायचे, तसे सोल्डरिंग गन, शिलाई मशीन, ड्रिल, कॅमेरा, मायक्रोफोन किंवा थ्रीडी प्रिंटर प्रत्येकाने विकत न घेता एका ठिकाणी वापरायचे. सोबत शिकवणारे कोणी तरी असते. तिथे परीक्षा नसते आणि प्रमाणपत्राची सक्तीही नसते.

'फॅब लॅब' हा याचाच जास्त यंत्रे असलेला प्रकार. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटीत नील गर्शेनफेल्ड यांनी १९९८ मध्ये 'जवळजवळ काहीही कसे बनवावे' अशा अर्थाच्या नावाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यातून ही कल्पना पुढे आली. आज शंभराहून अधिक देशांत दोन हजारांहून अधिक फॅब लॅब आहेत.

वाचनालयात हे कसे शिरले?

न्यूयॉर्क राज्यात फेयेटव्हिल नावाचे गाव आहे. मूळ गावाची वस्ती चार हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम खेड्याएवढी. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाने २०११ मध्ये मेकरस्पेस सुरू करायचे ठरवले. अमेरिकेतल्या सार्वजनिक वाचनालयांमधला हा पहिला प्रयोग मानला जातो. गंमत म्हणजे हे वाचनालय एका जुन्या फर्निचर कारखान्याच्या इमारतीत आहे. जिथे कधी काळी लाकूड कापले जायचे तिथे पुस्तके आली आणि पुस्तकांच्या शेजारी पुन्हा यंत्रे आली.

त्यानंतर २०१३ मध्ये शिकागोच्या मध्यवर्ती वाचनालयात मेकर लॅब आली. फिनलंडची राजधानी हेलसिंकी इथले 'ओडी' वाचनालय ५ डिसेंबर २०१८ रोजी उघडले. त्याच्या एका अख्ख्या मजल्यावर शिलाई मशीन, थ्रीडी प्रिंटर आणि ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आहेत. फिनलंडने २०१६ च्या ग्रंथालय कायद्यातच वाचनालयाचे काम म्हणून शिकण्यासाठी, छंदासाठी आणि कामासाठी जागा देणे लिहून ठेवले. कायद्यात लिहिले की अंदाजपत्रकात जागा मिळते, हा त्यातला आपल्या कामाचा भाग.

महाराष्ट्रात असे काही आहे का?

वाचनालयात नाही, पण खेड्यात आहे. आणि तेही आजचे नाही.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ हे दुष्काळी पट्ट्यातले गाव. हिंदुस्थान लीव्हरमध्ये संशोधन करणारे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे 'विज्ञान आश्रम' सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांना हाताने काम करत शिकवायचे, हा त्यांचा आग्रह होता. वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, बांधकाम, शेती, पशुपालन, रक्तगट तपासणे, माती तपासणे, सगळे एकाच मुलाने शिकायचे. या कामातून गावाला सेवा मिळायची आणि मुलाला त्यामागचे विज्ञान कळायचे. ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम यातूनच उभा राहिला. माध्यमिक शाळांमधला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषयही इथलाच.

याच पाबळमध्ये २००२ साली एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ही एक. बंगळूर किंवा मुंबईला नाही, पाबळला. त्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. गर्शेनफेल्ड यांना प्रश्न असलेले लोक हवे होते आणि पाबळकडे प्रश्न तयार होते. डिझेल इंजिनचे टायमिंग नीट बसवायला स्वस्त साधन बनेल का, संकलन केंद्रावर दुधाची प्रत पटकन तपासता येईल का, असे ते प्रश्न होते. यंत्र यायच्या आधी १९ वर्षे तिथे हाताने काम करणारी मुले होती, वर्कशॉप होते, शिकवणारी माणसे होती. डिजिटल यंत्रे त्यावर बसली.

मेकरस्पेसवर बोलताना ही १९ वर्षे नेहमी गाळली जातात. मग 'एक थ्रीडी प्रिंटर घेऊन द्या' एवढीच मागणी उरते आणि उद्घाटनाच्या फोटोनंतर त्यावर प्लास्टिकचे कव्हर चढते.

शाळेत लॅब येतच आहेत, मग वाचनालय कशाला?

अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ पासूनची आहे. एका शाळेला २० लाख रुपये मिळतात, त्यातले १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षे चालवायला. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ती असते. आजूबाजूच्या मुलांनाही उपक्रमांत सामावून घ्यावे अशी अपेक्षा असते, पण शाळेचे वेळापत्रक, मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी आणि शिक्षकांवरचा बोजा पाहता ते मुख्याध्यापकांच्या उत्साहावरच अवलंबून राहते.

बीड जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे ऊसतोडीचे स्थलांतर. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर असतात. काही मुले आईबापांबरोबर जातात, काही आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. वर्षातले पाच-सहा महिने ज्याची हजेरी लागत नाही, त्याच्यासाठी शाळेच्या लॅबमधला वर्षभराचा प्रकल्प कागदावरच राहतो. वाचनालयाला हजेरीपट नसतो. एप्रिलमध्ये परत आलेला मुलगा त्याच दिवशी संध्याकाळी येऊन बसू शकतो आणि त्याचे वय सतरा आहे की सत्तावीस, हे कोणी विचारत नाही.

मराठवाड्याला वाचनालय नवे नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. पण बीड ज्या हैदराबाद राज्यात होते, त्या राज्याने १९५५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. आज राज्यात ११ हजारांहून अधिक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत आणि त्यातली बरीच खेड्यांत आहेत. एवढे मोठे तयार जाळे दुसऱ्या कोणत्या योजनेकडे आहे?

मग अडते कुठे? पैशात की नियमात?

दोन्हीकडे, पण आधी पैसा.

शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. वर्ग ठरतो तो पुस्तकांची संख्या, सभासद, येणारी वर्तमानपत्रे आणि नियतकालिके, उघडे राहण्याचे तास अशा मोजमापांवर. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर होईपर्यंत 'ड' वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत होते. महिन्याला अडीच हजार. त्यात ग्रंथपालाचे मानधन, पेपरचे बिल, पुस्तके आणि वीज. वाढीनंतरही हा आकडा एका साध्या थ्रीडी प्रिंटर आणि संगणकात संपेल एवढाच. ज्या ग्रंथपालाला मजुरीइतकेही पैसे सुटत नाहीत, त्याने संध्याकाळी तीन तास जास्त थांबून मुलांना सोल्डरिंग शिकवावे, असे सांगणे ही चेष्टा आहे.

नियमांचे चित्र मात्र वाटते तितके वाईट नाही. ज्या १९७० च्या नियमांनुसार अनुदान मिळते, त्यांच्या नावातच सहायक अनुदानाबरोबर 'इमारत व साधनसामग्री अनुदान' हे शब्द आहेत. म्हणजे वाचनालयाला पुस्तकांखेरीज साधने लागतात, हे ५० वर्षांपूर्वीच मान्य झालेले आहे. साधनसामग्री म्हणजे कपाट, टेबल, खुर्ची हा अर्थ वापरामुळे पक्का झाला. त्यात हत्यारांची पेटी बसवायची असेल तर ग्रंथालय संचालनालयाने तसे स्पष्ट लिहून द्यावे लागेल. एवढे झाले तरी तपासणीच्या वेळी ग्रंथपालाला उत्तर देता येईल.

बाहेरचे दोन मार्ग आहेत. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही संस्था १९७२ पासून सार्वजनिक ग्रंथालयांना मदत करते. पुस्तकांबरोबर बालविभागासारख्या कामांसाठीही तिच्या योजना आहेत. दुसरा मार्ग कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कोणत्या कामांवर हा निधी खर्च करता येतो त्याची यादी आहे आणि 'सार्वजनिक ग्रंथालये उभारणे' हे शब्द त्यात आहेत. अनेक वाचनालयांच्या कार्यकारिणीला हे माहीतच नसते. अर्थात, कंपन्यांचा पैसा कारखान्यांच्या आसपास फिरतो. केज तालुक्यापर्यंत तो आपोआप येणार नाही, मागावा लागेल.

सुरुवात थ्रीडी प्रिंटरपासून करावी का?

नको. निदान पहिल्या वर्षी तरी नको.

साधा प्रिंटर आता १५ ते २५ हजारांत मिळतो, हे खरे. पण तळहाताएवढी वस्तू छापायला कित्येक तास लागतात आणि मध्ये वीज गेली की बहुतेक वेळा काम वाया जाते. शिवाय नवशिक्यांना सोपे म्हणून जे पीएलए नावाचे प्लास्टिक वापरतात, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या मोटारसायकलवर किंवा पत्र्याखाली त्या प्लास्टिकचा सुटा भाग वाकायला वेळ लागत नाही. प्रिंटर वाईट नाही. पण गावाचा पहिला प्रश्न तो सोडवत नाही.

पहिला प्रश्न कोणता, ते खरिपात कोणत्याही घरासमोर दिसते. चार्जिंगचा फवारणी पंप बंद पडलेला असतो.

या पंपात साधारण १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी, एक छोटी मोटार, एक स्विच आणि थोड्या वायरी असतात. बंद पडला की तो दुकानात जातो, फवारणीचे दोन दिवस जातात, आणि बऱ्याचदा 'बॅटरी गेली, नवी टाका' हे उत्तर मिळते. ते बरोबर आहे की नाही, हे काही शे रुपयांचा मल्टिमीटर पाच मिनिटांत सांगतो. पूर्ण चार्ज बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. पंप चालू करताच तो आकडा १० च्या खाली कोसळला, तर बॅटरी खरोखर थकली आहे. आकडा १२ च्या वर टिकून आहे आणि तरी मोटार हलत नाही, तर बॅटरी ठीक आहे. तेव्हा वायर, स्विच किंवा मोटार तपासायची. औषधाच्या पाण्याने गंजलेले एखादे टोक घासून पुन्हा सोल्डर केले की पंप चालू होतो.

बॅटरी मुळात मरते का, हेही त्याच टेबलावर कळते. हंगाम संपला की पंप उतरलेल्या बॅटरीसह माळ्यावर जातो. लेड-ॲसिड बॅटरी अशी महिनोन्‌महिने रिकामी राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि पुढच्या आषाढात ती चार्जच घेत नाही. दर महिना-दोन महिन्यांनी एकदा चार्ज केली असती तर वाचली असती. ही माहिती पंपाच्या खोक्यात बारीक अक्षरात इंग्रजीत असते.

म्हणून वाचनालयातल्या मेकरस्पेसचे पहिले रूप म्हणजे आठवड्यातून एका संध्याकाळचे दुरुस्तीचे टेबल. दोन मल्टिमीटर, दोन सोल्डरिंग गन, स्क्रू ड्रायव्हरचा संच, पक्कड, वायर कापायचे कटर, इन्सुलेशन टेप. सगळे मिळून चार-पाच हजारांत बसते. नियम दोनच हवेत, २३० व्होल्टची वस्तू जाणत्या माणसाशिवाय उघडायची नाही आणि सोल्डरिंग खिडकीजवळ करायचे. शिकवायला बाहेरचा तज्ज्ञ आणायची गरज नाही. गावातला मोबाइल दुरुस्तीवाला, मोटार रिवाइंडिंग करणारा, आयटीआय करून घरी बसलेला मुलगा ही माणसे प्रत्येक गावात असतात. त्यांना त्या संध्याकाळचे मानधन द्यावे, फुकट बोलावू नये.

त्यापुढची पायरी आर्डुइनोसारखा छोटा बोर्ड. त्याची नक्कल काही शे रुपयांत मिळते. त्यावर ठिबकसाठी मातीतला ओलावा मोजायचा प्रयोग सगळेच करतात आणि बहुतेकांचा सेन्सर काही आठवड्यांत गंजून बंद पडतो, कारण दोन उघड्या पट्ट्यांमधून वीज सोडणारा स्वस्त प्रकार ओल्या मातीत टिकत नाही. पट्ट्या झाकलेला 'कपॅसिटिव्ह' प्रकार थोडा महाग पडतो, पण चालतो. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मराठीतून संगणक आणि तंत्रज्ञानाचे धडे आहेत आणि ते इंटरनेटशिवाय वापरता येतात. रेंज येते-जाते अशा गावात ही मोठी सोय. लहान मुलांसाठी तर तेही नको. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुनी वर्तमानपत्रे यांतून बनणारी शेकडो विज्ञान खेळणी दाखवली आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकेही मोफत आहेत. जुनी वर्तमानपत्रे वाचनालयात ढिगाने असतात, हे वेगळे सांगायला नको.

तंत्रज्ञान म्हणजे फक्त सर्किट?

इथे वाचनालय शाळेच्या लॅबपेक्षा खरोखर पुढे जाऊ शकते, कारण जपून ठेवणे हे त्याचे मूळ काम आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह झाला. एक लाखाहून अधिक ओव्या त्यात आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी गायलेल्या ओव्याही त्यात आहेत, त्यांतल्या अनेक बाबासाहेबांवरच्या. त्या काळी ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन गावोगाव जावे लागले. आज शंभर-दोनशे रुपयांचा कॉलर माइक आणि हातातला फोन पुरतो. युसूफ वडगावात जात्यावर बसलेली शेवटची पिढी आता सत्तरी-ऐंशीत असेल. आजीची ओवी मुद्रित करणे, ती नीट ऐकून लिहून काढणे, पंख्याचा आवाज कसा काढायचा ते शिकणे हेही तंत्रज्ञानाचे शिक्षण आहे. यात मुलगी आजीसोबत बसते. सोल्डरिंगच्या टेबलावर मुलीला पाठवायला जे घर कचरते, ते याला नाही म्हणत नाही. मग ती मुलगी त्याच खोलीतल्या दुसऱ्या टेबलापर्यंत आपोआप पोहोचते.

जुन्या पुस्तकांचेही तसेच. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त होते. वाचनालयाच्या कपाटात तुकडे पडत चाललेली अशी पुस्तके असतील तर ती फोनने स्वच्छ उजेडात टिपून मराठी विकिस्रोतावर चढवता येतात. शेजारच्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. कागदाऐवजी कापडावर लिहिलेला अख्खा ग्रंथ. साधन बदलून मजकूर टिकवायचा उद्योग या भागात चारशे वर्षांपूर्वीच झाला आहे.

वेळापत्रक कोणते असावे?

जूनपासून नको, एप्रिलअखेरीस सुरू करावे. टोळ्या तेव्हा परतलेल्या असतात, शाळेला सुट्टी असते आणि फवारणीला अजून वेळ असतो, म्हणजे माळ्यावरचे पंप खाली काढून तपासायला हाच मोका. दसऱ्याआधी एक फेरी पूर्ण व्हावी. त्यानंतर टोळीबरोबर निघणाऱ्या कुटुंबाला वाचनालयाने पुस्तक द्यावे तसे एक मल्टिमीटर आणि स्क्रू ड्रायव्हरचा संच अनामत घेऊन द्यायला हरकत नाही. कोपीवर दिवे, चार्जर, बॅटऱ्या बिघडतातच आणि तिथे दुकान जवळ नसते.

हे देताना ग्रंथपालापुढे एक अगदी साधा प्रश्न येईल. पुस्तक दाखल नोंदवहीत जाते आणि तिथून देवघेवीला निघते. मल्टिमीटर जाईल जडसंग्रह नोंदवहीत, टेबल-खुर्चीच्या रांगेत. जडसंग्रहातली वस्तू हरवली किंवा जळाली तर सही करणाऱ्याला जबाब द्यावा लागतो, म्हणून ती कपाटात राहते आणि किल्ली घरी जाते. झिजणे, तुटणे, जळणे हे ज्या साधनांचे कामच आहे, त्यांच्यासाठी वेगळी नोंदवही आणि दरवर्षी थोडी घट मान्य करणारी एक ओळ, हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून आले तर पेटी कपाटाबाहेर येईल. त्याला अनुदानातला एक रुपयाही लागत नाही.